पीजीवाय-२ ला अप्लाय करायचंय? मग पहिलं काम जूनमध्येच

पीजीवाय-१, म्हणजे फार्मसी रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, सुरू होऊन महिनाही झालेला नसतो, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आपण अजून रस्ता चुकत असतो, पासवर्ड दोनदा लॉक झालेला असतो, आणि तेवढ्यात एखादा प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणारा सीनियर फार्मासिस्ट, कॉफी घेता घेता विचारतो, मग पीजीवाय-२ चं, म्हणजे दुसऱ्या वर्षाचं, काय? मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विचारलं तेव्हा मी हसून 'बघू अजून' म्हणाले आणि ते 'बघू' चांगलंच महागात पडलं. कसं ते पुढे येईलच.

हे लिहितेय ते अमेरिकेत फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) करून किंवा भारतातून येऊन लायसन्स काढून पीजीवाय-१ ला लागलेल्या आपल्या पोरापोरींसाठी. एकदा मॅचमधून (उमेदवार आणि प्रोग्राम दोघांच्या पसंतीक्रमावरून जागा ठरवायची पद्धत) गेलोय म्हणजे सगळं माहितीये असं वाटतं. वेबसाइट त्याच, फॉर्म तेच, पण पीजीवाय-१ च्या वेळी दाखवायला कॉलेजची चार वर्षं होती, इथे जेमतेम चार-पाच महिने असतात आणि त्यातही निम्मा वेळ ओरिएंटेशन आणि ट्रेनिंग मॉड्यूलमध्ये जातो.

घरी समजावून सांगायचं असेल तर एवढंच सांगा की पहिल्या वर्षी सगळ्या वॉर्डांत थोडं थोडं फिरायचं आणि दुसऱ्या वर्षी एकच विषय धरायचा. क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी, इन्फेक्शियस डिसीजेस (आयडी), अॅम्ब्युलेटरी केअर, इमर्जन्सी, पीडियाट्रिक्स, ट्रान्सप्लांट, सायकियाट्री, इन्फॉर्मॅटिक्स वगैरे. आमच्या आईला अजूनही वाटतं की मी एक वर्ष नापास झाले होते, ते जाऊ दे.

करायचंय का, हे आधी

हा प्रश्न कोणी नीट विचारत नाही. सगळे को-रेसिडेंट करतायत म्हणून आपणही, असं होतं. रेसिडेंटचा पगार फार्मासिस्टच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यात शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, म्हणजे अजून एक वर्ष काढणं ही खरीखुरी किंमत आहे. मोठ्या हॉस्पिटलात आयसीयू, ऑन्कोलॉजी, ट्रान्सप्लांट, आयडी अशा जागा हव्या असतील किंवा शिकवायचं असेल तर पीजीवाय-२ लागतेच असं धरून चाला. जनरल इनपेशंट काम आवडत असेल तर पीजीवाय-१ वर नोकरी मिळते, पुढे बीसीपीएस ही स्पेशालिस्टची परीक्षा पण देता येते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. माझी एक मैत्रीण ऑन्कोलॉजी रोटेशनच्या तिसऱ्या आठवड्यात म्हणाली की मला रोज संध्याकाळी गाडीत बसून रडू येतं, तिने अप्लाय केलं नाही, आज मजेत आहे.

जून-जुलै: रोटेशनचा क्रम

या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बहुतेक ठिकाणी जूनमध्ये किंवा जुलैच्या ओरिएंटेशनमध्ये वर्षभराच्या रोटेशनचं वेळापत्रक ठरतं आणि तुमची पसंती विचारतात. आपल्याला वाटतं आवडीचं रोटेशन शेवटी ठेवावं, तोपर्यंत हात बसलेला असेल, मग छाप पडेल. मी नेमकं तेच केलं. मला क्रिटिकल केअर करायचं होतं आणि आयसीयू मी फेब्रुवारीत टाकलं. आता हिशोब करा, अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातो, लेटरं, म्हणजे शिफारसपत्रं, डिसेंबरात लिहिली जातात, म्हणजे ज्या विषयात मला वर्षभर काम करायचंय त्या विषयातल्या एकाही माणसाने मला या हॉस्पिटलात काम करताना पाहिलेलं नव्हतं! लेटरं आली ती इंटर्नल मेडिसिन, अँटिकोअॅग्युलेशन क्लिनिक आणि माझ्या आरपीडीची, म्हणजे रेसिडेन्सी प्रोग्राम डायरेक्टरची. तिन्ही चांगली होती असं मला नंतर कळलं, पण 'आयसीयूमध्ये हिच्यावर भरवसा ठेवा' असं त्यातल्या कोणाला लिहिता येणार होतं?

तर आवडीचा विषय ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये बसवा. कच्चे असाल, चुका होतील, होऊ देत, कच्चा माणूस सहा आठवड्यांत कसा तयार झाला हेच प्रिसेप्टरला लिहिता येतं. वेळापत्रक आधीच ठरलं असेल तर आरपीडीकडे जाऊन सरळ बोला, को-रेसिडेंटबरोबर अदलाबदल करता येते का बघा. तेही नाही जमलं तर रिसर्च प्रोजेक्ट तरी त्या विषयातल्या प्रिसेप्टरकडे घ्या म्हणजे वर्षभर त्या माणसाशी संबंध राहतो. दोन विषयांत मन अडकलं असेल तर दोन्ही नोव्हेंबरच्या आत.

व्हिसावाल्यांसाठी (बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल)

एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, फार्म.डी. केलं असेल तर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांची. फार्म.डी. साधारणपणे स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत) धरत नाहीत, त्यामुळे एमएसवाल्या मित्रांना मिळतात तसे वरचे २४ महिने आपल्याला नाहीत. जुलैत पीजीवाय-१ सुरू, पुढच्या जूनच्या शेवटी ओपीटी खलास आणि १ जुलैच्या सुमारास पीजीवाय-२ सुरू. म्हणजे दुसऱ्या वर्षासाठी बहुतेकांना एच-वन-बी हा कामाचा व्हिसा लागतो आणि तो द्यायला प्रोग्राम तयार आहे का हे अर्ज करायच्या आधी कळलं पाहिजे.

यात एक बरी गोष्ट आहे. विद्यापीठांना आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलांना एच-वन-बीची लॉटरी लागू होत नाही, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. त्यामुळे यादी करताना अशी ठिकाणं वर घ्या. व्हेटरन्स अफेअर्सच्या, म्हणजे व्हीएच्या हॉस्पिटलांत साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व मागतात, तिथे उगाच फी घालवू नका. आणि एचआरचं उत्तर ईमेलवर घ्या. आरपीडी मनाने चांगला असतो, 'होईल काहीतरी' म्हणतो, पण व्हिसाचा निर्णय त्याच्या हातात नसतो. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानंतर एच-वन-बीच्या फीवरून बरीच उलथापालथ झालीये, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरचं 'अरे माझं तर झालं' यावर जाऊ नका.

भारतातून थेट यायचं म्हणणाऱ्यांना एक वाक्य, की २००३ पासून पुढे पास झालेल्यांना एफपीजीईसी सर्टिफिकेटसाठी (परदेशात फार्मसी शिकलेल्यांना इथल्या लायसन्ससाठी लागणारं) किमान पाच वर्षांचा फार्मसी कोर्स लागतो, त्यामुळे चार वर्षांचं बी.फार्म. चालत नाही, २००८ ला आपल्याकडे सुरू झालेलं सहा वर्षांचं फार्म.डी. त्यात बसतं. मी पुण्यात बी.फार्म. करून आले म्हणून मला इथे पहिल्यापासून फार्म.डी. करावं लागलं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: घरातल्या घरात जमतंय का

तुमच्याच हॉस्पिटलात हव्या त्या विषयाची पीजीवाय-२ असेल तर अर्ली कमिटमेंट नावाचा प्रकार असतो. शरद ऋतूत आतल्या आत अर्ज, इंटरव्ह्यू, आणि दोघांचं जमलं तर डिसेंबरच्या मध्याच्या आसपास करारावर सही, मग मॅचमध्ये जायचंच नाही. फी वाचते, प्रवास वाचतो, जीव वाचतो. पण नुसतं सोपं आहे म्हणून घेऊ नका, तीच माणसं, तेच प्रोटोकॉल, अजून एक वर्ष, हे तुम्हाला मानवतंय का ते बघा. सगळी हॉस्पिटलं हे करत नाहीत, त्यामुळे ऑगस्टमध्येच विचारून ठेवा.

बाहेरून अप्लाय करणाऱ्यांसाठी याची दुसरी बाजू अशी की डिरेक्टरीत एक जागा दिसते आणि ती डिसेंबरात घरच्याच रेसिडेंटला गेलेली असते. म्हणून प्रोग्रामला आधीच विचारा, यंदा आतला उमेदवार आहे का? विचारण्यात गैर काही नाही, बहुतेक जण खरं सांगतात.

लेटरं

तीन लागतात, ऑक्टोबरात मागा. थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, मागितलं तर ते लेटर एअरपोर्टवर बसून लिहिलं जातं आणि वाचताना ते कळतं. मागताना 'लेटर द्याल का' असं न विचारता 'माझ्या आयसीयूतल्या कामाबद्दल तुम्हाला भरभरून लिहिता येईल का' असं विचारा, समोरचा जरा अडखळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. सिस्टीममध्ये नुसतं पत्र नसतं, फॉर्मही असतो, त्यात क्लिनिकल प्रश्न सोडवणं, वेळेचं नियोजन, टीका ऐकून घेणं, स्वतंत्रपणे काम करणं असल्या गोष्टींवर त्यांना मत द्यावं लागतं. तर त्यांना एक पान करून द्या, तुमच्याबरोबर काय काय केलं, कुठला पेशंट, कुठलं प्रेझेंटेशन, कुठे त्यांनी सुधारणा सांगितली आणि मग तुम्ही काय बदललं. लोकांना लाज वाटते असं स्वतःबद्दल लिहून द्यायला. पण त्या माणसाच्या हाताखालून वर्षात दहा-बारा जण जातात, त्याला तुमचा सेप्टेंबरातला पेशंट कसा आठवणार?

नोव्हेंबर-डिसेंबर: यादी आणि मिडइयर

एएसएचपीच्या, म्हणजे हॉस्पिटल फार्मासिस्टांच्या अमेरिकेतल्या संघटनेच्या, ऑनलाइन डिरेक्टरीत सगळे प्रोग्राम असतात. मी एक साधी एक्सेल शीट केली होती, त्यात जागा किती, स्टाफिंग किती वीकेंडला, आयसीयू किती प्रकारचे, व्हिसा, डेडलाइन, आणि शेवटच्या रकान्यात 'इथे राहवेल का'. शेवटचा रकाना फालतू वाटतो पण जानेवारीत उणे वीस डिग्रीत सकाळी साडेपाचला गाडीवरचा बर्फ खरवडताना तोच आठवतो.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एएसएचपीचं मिडइयर, म्हणजे मोठं संमेलन, असतं. शोकेसमध्ये टेबलं मांडलेली असतात आणि प्रत्येक टेबलाशी गर्दी, आपली जत्राच. पीजीवाय-२ वाल्यांनी आधी आरपीडीला ईमेल टाकून जावं, वेळ ठरवता आली तर उत्तम. काही प्रोग्राम पीपीएस या वेगळ्या सोयीतून छोटे इंटरव्ह्यूही तिथेच घेतात, त्याचे पैसे वेगळे, त्यामुळे तुमच्या यादीतले प्रोग्राम तिथे असणार आहेत का ते आधी बघा. परवडत नसेल तर मिडइयरला न जाताही मॅच होते, बरेच जण ऑनलाइन ओपन हाउस ठेवतात. तिथे वेबसाइटवर लिहिलेलं विचारत बसू नका. 'मागच्या तीन वर्षांचे रेसिडेंट आता कुठे आहेत' आणि 'यंदा कोण प्रिसेप्टर सोडून गेलं' हे दोन प्रश्न विचारा, दुसऱ्याला जी शांतता पसरते त्यात बरंच कळतं.

लेटर ऑफ इंटेंट

एक पान. का हा विषय, का हा प्रोग्राम, पुढे काय. माझ्या पहिल्या ड्राफ्टचं पहिलं वाक्य असं होतं की क्रिटिकल केअरबद्दल मला कायमच प्रचंड ओढ वाटत आलेली आहे. माझ्या प्रिसेप्टरने त्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'कोणाला नसते?'

मग तिने विचारलं की गेल्या तीन महिन्यांत कुठल्या रात्री तू घरी गेल्यावरही विचार करत बसली होतीस? मी सांगितलं. संध्याकाळचं स्टाफिंग होतं, आयसीयूच्या नर्सचा फोन आला, पेशंटला आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) चालू आहे त्याच लाइनमधून सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक सोडू का? मी नाही म्हणाले, आरएलमध्ये कॅल्शियम असतं, दोन्ही एकत्र आले की साका तयार होतो, दुसऱ्या लाइनने द्या. तेवढ्यावर फोन ठेवता आला असता. पण दुसरी लाइन आहे का हे मी विचारलंच नव्हतं. म्हणून वर गेले, तर लाइन एकच, तिच्या बाकी सगळ्या लुमेनमध्ये (आतल्या वेगळ्या नळ्यांत) काही ना काही चालू. मग नर्सबरोबर उभं राहून कुठलं औषध कधी थांबवता येईल, लाइन कधी फ्लश करायची, याचा क्रम कागदावर लिहून काढला. प्रिसेप्टर म्हणाली, हे लिही. मी तेच लिहिलं, आठ ओळीत, आणि पुढे प्रत्येक इंटरव्ह्यूत मला याबद्दलच विचारलं.

तर तुमचा असा फोन कुठला ते शोधा. प्रोग्रामबद्दलच्या परिच्छेदात त्यांच्याच वेबसाइटची वाक्यं त्यांना परत ऐकवू नका. आणि पेशंटची ओळख पटेल असं काहीही नको.

सीव्ही बद्दल फार सांगण्यासारखं नाही, तारखा उलट्या क्रमाने, स्पेलिंग दोघांकडून तपासून, आणि अजून झालेलं नाही ते झालंय असं लिहायचं नाही. पोस्टर 'पाठवलंय' असेल तर तसंच लिहा.

फॉर्म भरणं

दोन वेगळ्या जागा आहेत आणि दर वर्षी कोणीतरी एकच करतं. मॅच चालवणाऱ्या एनएमएसकडे (नॅशनल मॅचिंग सर्व्हिसेस) मॅचसाठी नाव नोंदवायचं, तिथून एक नंबर मिळतो. फोर्कस या अर्जाच्या वेबसाइटवर अर्ज भरायचा आणि त्यात तो नंबर टाकायचा. फी दोन्हीकडे, फोर्कसची तर प्रोग्रामगणिक वाढत जाते. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट नोव्हेंबरातच मागवा, नाताळच्या सुट्टीत रजिस्ट्रार ऑफिस बंद असतं. डेडलाइन प्रत्येकाची वेगळी, काही डिसेंबरअखेर, बऱ्याचशा जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत, आणि वेळ इस्टर्नमध्ये मोजतात, कॅलिफोर्नियात बसून रात्री दहाला आरामात भरायला घेतलंत तर तिकडे एक वाजलेला असतो. आणि अपलोड केलेली प्रत्येक फाइल परत उघडून बघा, कुठल्या हॉस्पिटलला कुठलं पत्र गेलंय ते.

इंटरव्ह्यू

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. वीसेक मिनिटांचं प्रेझेंटेशन, एखादी केस, दोन-तीन पॅनल, रेसिडेंटबरोबर गप्पा. प्रेझेंटेशनचा विषय अरुंद घ्या. 'सेप्सिस' नको. 'नॉरएपिनेफ्रिन चालू असताना व्हॅसोप्रेसिन नेमकं कधी जोडायचं' हा विषय झाला, किंवा आयडीवाल्यांसाठी २०२० च्या गाइडलाइनने व्हँकोमायसिनला ट्रफ (पुढच्या डोसच्या आधीची रक्तातली पातळी) सोडून एयूसी (दिवसभरात शरीराला मिळालेलं एकूण औषध) धरायला सांगितलं त्यामुळे तुमच्या हॉस्पिटलात काय बदललं. प्रश्नोत्तरात माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि कुठे शोधाल ते सांगा. तुमची झालेली चूक हमखास विचारतात, खरी सांगा, बारीक नको आणि 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' असली तर मुळीच नको. आपल्याकडची एक सवय इथे नडते, सीनियरसमोर मान खाली घालून 'टीमने केलं' म्हणत राहायचं. टीमने केलंच, पण त्यात तुम्ही काय केलंत तेच त्यांना ऐकायचंय. आणि रेसिडेंटबरोबरच्या गप्पा हा पण इंटरव्ह्यूच असतो बरं का.

याच काळात रोटेशनही चालू असतं. सुट्ट्या किती मिळतात ते बघून इंटरव्ह्यू घ्या, को-रेसिडेंटचे वीकेंड घेऊन ठेवा म्हणजे नंतर मागता येतात.

रँक लिस्ट

मार्चच्या सुरुवातीला. यात लोक फार डोकं लावतात आणि तेच चुकतं. तुम्हाला जे सगळ्यात जास्त हवं ते एक नंबर, मग दोन नंबर, बस. 'तिथे मी आवडले होते म्हणून ते वर टाकते' असलं काही करू नका. समजा तुम्ही अ, ब, क अशी यादी दिली आणि क ने तुम्हाला पहिल्या नंबरवर ठेवलंय. अ आणि ब कडे नाही जमलं तर क तुमचीच आहे, क ला तिसरं टाकल्याने ती निसटत नाही. वर स्वप्नातलं ठिकाण टाकल्याने खालचं काही बिघडत नाही. या असल्या जुळवणीच्या अभ्यासासाठी अॅल्विन रॉथ आणि लॉइड शॅपली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय, त्यांच्यापेक्षा आपण हुशार नाही. फक्त जिथे अजिबात जायचं नाही ते यादीत टाकूच नका कारण निकाल बंधनकारक असतो. तुम्ही आम्हाला कितवा नंबर देणार असं प्रोग्रामने विचारायचं नसतं, विचारलं तर हसून विषय बदला.

आणि नाही झालं तर

माझं नाही झालं. तीन इंटरव्ह्यू, तीन रँक, मॅच नाही. मार्चच्या मध्याला निकाल आला तेव्हा मी सलाइनच्या बॅगा तयार करायच्या आयव्ही रूममध्ये गाऊन-मास्क-दोन दोन हातमोजे घालून होते, फोन बाहेर लॉकरमध्ये. बाहेर येऊन बघितलं, एक ओळ वाचली, फोन परत ठेवला आणि आत जाऊन उरलेल्या बॅगा तपासल्या. काय करणार, हेपरिन कोणासाठी थांबत नाही.

पण त्याच दिवशी फेज टूची यादी येते, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागांची. अर्ज करायला आठवडाभरच मिळतो, मग लगेच इंटरव्ह्यू, परत रँक, आणि एप्रिलच्या पूर्वार्धात निकाल. रडायला एक संध्याकाळ द्या, जास्त नाही. त्या रात्री माझ्या आरपीडीबरोबर बसून यादी केली. आणि तोपर्यंत माझं फेब्रुवारीतलं आयसीयू रोटेशन संपलेलं होतं! आयसीयूच्या प्रिसेप्टरने दोन दिवसांत लेटर दिलं, मी अँटिकोअॅग्युलेशनवालं काढून ते लावलं. सीव्ही तोच, पत्र जवळजवळ तेच. चार इंटरव्ह्यू आले आणि विद्यापीठाच्या एका हॉस्पिटलात क्रिटिकल केअरला मॅच झाले. ते लेटर जानेवारीत असतं तर, हा विचार मी अजूनही अधूनमधून करते.

फेज टूमध्येही नाही झालं तर उरलेल्या जागांसाठी प्रोग्रामशी थेट बोलता येतं. किंवा वर्षभर नोकरी करून परत अप्लाय करा, तसे करणारे बरेच असतात.

मॅच झाल्या झाल्या तीन कामं. व्हिसावाल्यांनी त्याच आठवड्यात एचआरला गाठायचं, कारण आधी एलसीएला (लेबर खात्याकडच्या अर्जाला) सात वर्किंग डे, मग प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फी देऊन लवकर निकालासाठी, भरलं तरी पंधरा वर्किंग डे, आणि मधे कोणीतरी सुट्टीवर जातंच. दुसरं, नव्या राज्यात जात असाल तर लायसन्स ट्रान्सफर आणि बहुतेक राज्यांत तिथली कायद्याची परीक्षा, कॅलिफोर्नियाची तर वेगळीच सीपीजेई आहे. तिसरं, पीजीवाय-१ पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट पीजीवाय-२ वाल्यांना दाखवावं लागतं, आणि ते अडतं रिसर्च प्रोजेक्टच्या मॅन्युस्क्रिप्टवर. माझं मॅन्युस्क्रिप्ट २६ जूनला सबमिट झालं, पॅकिंगच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून, टेबल आधीच विकलं होतं.